जोर स्नायूचा, दिशा झडपेची

स्नायूला एकच गोष्ट येते, ती म्हणजे आकसणे. हृदयाचा डावा निलय आकसतो तेव्हा आतल्या रक्तावर सगळ्या बाजूंनी सारखाच दाब येतो, आणि दाबाला पुढे काय नि मागे काय, काहीच कळत नसते. या पोकळीला दोन तोंडे आहेत. एक महाधमनीत उघडते, तिथून रक्ताने शरीरभर जायचे असते. दुसरे डाव्या अलिंदात उघडते, तिथून ते नुकतेच आलेले असते. सोपी वाट पाहायची तर रक्ताने मागेच जायला हवे. निलय आकसू लागतो त्या क्षणी महाधमनीत पाऱ्याच्या सुमारे ८० मिलिमीटर इतका दाब आधीच असतो, तर अलिंदात जेमतेम १०. पाणी असो वा रक्त, ते कमी दाबाकडे धावते. तरीही निरोगी माणसात दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त चढ्या दाबाच्या बाजूला जाते आणि उतरत्या बाजूला जवळजवळ काहीच जात नाही. मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७ हजार लिटरहून अधिक, आणि हे आयुष्यभर. आपण हृदयाचे कौतुक करतो ते त्याच्या न थकणाऱ्या ताकदीचे. ते योग्यच आहे, पण त्या कौतुकात अर्धी गोष्ट सुटते. रक्ताला वेग स्नायू देतो, दिशा मात्र देत नाही. दिशा येते चार पातळ झडपांच्या घडणीतून, आणि या झडपांना स्वतःचा जोर अजिबात नाही. हृदयाचे आजार समजून घेताना आणि त्यांतले कोणते टाळता येतील हे ठरवताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

झडपा चार. उजवे अलिंद आणि उजवा निलय यांच्यामधली तीन पाकळ्यांची, डाव्या बाजूची तशीच पण दोन पाकळ्यांची, आणि निलयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या, प्रत्येकी तीन अर्धचंद्राकृती पाकळ्यांच्या दोन. पाकळी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही जाड नसते. तिला उघडण्या-मिटण्यासाठी मेंदूकडून कसलाही हुकूम येत नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. मोटर पाणी ओढू लागली की तो उघडतो, मोटर थांबली की वरच्या पाण्याच्या भाराने बसतो. त्याला वायर जोडावी लागत नाही. हृदयाच्या झडपेचे मूळ तत्त्व हेच. निलय सैल असतो तेव्हा त्यातला दाब अलिंदापेक्षा कमी असतो, मधली झडप उघडी राहते आणि रक्त आत उतरते. निलय आकसू लागला की दाब वाढतो, रक्त मागे वळू पाहते आणि त्या वळण्यानेच पाकळ्या एकमेकींवर येऊन मिटतात. म्हणजे मागे जाण्याच्या धडपडीतच रक्त आपली मागची वाट बंद करून घेते. यानंतरचा सेकंदाचा सुमारे विसावा भाग फार बोलका आहे. अलिंदाकडची झडप मिटलेली असते, महाधमनीची अजून उघडलेली नसते. स्नायू जीव खाऊन आवळत असतो, दाब झपाट्याने चढत असतो, आणि तरीही रक्त जागचे हलत नाही. निलयातला दाब महाधमनीतल्या दाबाच्या वर गेला की मगच पुढची झडप उघडते. या इवल्याशा काळात जोर पुरेपूर असतो आणि प्रवाह शून्य. डॉक्टर छातीवर नळी लावून जे दोन ठोके ऐकतात, तेही मुख्यतः झडपा मिटतानाचे आवाज आहेत. पहिला अलिंद-निलयांमधल्या झडपांचा, दुसरा धमन्यांच्या तोंडावरच्या.

महाधमनीच्या झडपेचे मिटणे तर आणखी नाजूक आहे. ती केवळ मागे परतणाऱ्या रक्ताच्या धक्क्याने मिटत असती, तर दर ठोक्याला बरेच रक्त मागे गळून गेले असते आणि पाकळ्यांवर दिवसाला लाखभर वेळा आपटा बसला असता. तसे होत नाही. या झडपेच्या तीन पाकळ्यांमागे महाधमनीच्या भिंतीला तीन फुगवटे असतात. लिओनार्दो दा विंचीने १५१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना या फुगवट्यांविषयी विचार केला. महाधमनीच्या मुळाचा काचेचा नमुना करावा, त्यातून पाणी सोडावे आणि पाण्यात गवताचे बी टाकून प्रवाह कसा वळतो ते पाहावे, अशी योजना त्याच्या टिपणांत आहे. त्याने काढलेल्या चित्रांत फुगवट्यांमध्ये भोवरे फिरताना दिसतात, आणि हे भोवरेच पाकळ्यांना मिटण्याकडे नेतात असा त्याचा निष्कर्ष होता. ही टिपणे शतकानुशतके कुणाच्या उपयोगाला आली नाहीत. १९६८ मध्ये ऑक्सफर्डच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेत नमुना उभारून नेमकी हीच गोष्ट दाखवली. प्रवाह पुढे जात असतानाच फुगवट्यांतले भोवरे पाकळ्यांना आतल्या बाजूला ढकलू लागतात, त्यामुळे प्रवाह थांबेपर्यंत झडप बऱ्याच अंशी मिटलेली असते आणि मागे अगदी थोडे रक्त जाते. इथे काम करते ती आकृती. भिंतीचा बाक, पाकळीची लांबी, फुगवट्याची खोली. आणि या मिटण्यावर खुद्द हृदयाचे पोषण अवलंबून आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या याच फुगवट्यांतून निघतात, आणि डाव्या निलयाच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते तो सैलावलेला असताना, म्हणजे झडप मिटलेली असताना. महाधमनीची झडप गळू लागली की वरचा दाब चढा राहतो, खालचा घसरतो, मनगटावरची नाडी उसळून लगेच कोसळल्यासारखी लागते, आणि परत आलेले रक्त पुन्हा ढकलता ढकलता निलय मोठा होत जातो.

झडपा दिसणे आणि झडपांचा अर्थ कळणे यांत मात्र जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर पडले. अलेक्झांड्रियातल्या एरासिस्ट्रेटसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हृदयाच्या झडपांचे वर्णन केले, त्या एकाच बाजूला उघडतात हेही सांगितले, पण धमन्यांत हवा असते अशी त्याची समजूत होती. पुढे गेलन या वैद्याने धमन्यांत रक्त असल्याचे दाखवले. मात्र त्याच्या मते रक्त यकृतात तयार होऊन शरीरात मुरत जाई, हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून थोडे उजवीकडून डावीकडे झिरपे, आणि डाव्या बाजूची दोन पाकळ्यांची झडप मुद्दाम थोडी सैल असे, म्हणजे काजळीसारखी टाकाऊ वाफ तिच्यातून मागे जाऊ शकेल. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने ती छिद्रे नसल्याचे ठामपणे लिहिले आणि रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते असे मांडले. १६०३ मध्ये पदुआच्या फाब्रिसियसने शिरांमधल्या झडपांवर चित्रांसह ग्रंथ छापला. सगळ्या झडपांची तोंडे हृदयाकडे आहेत हे त्याला दिसत होते. तरी त्याने लावलेला अर्थ असा, की रक्त हातापायांत एकदम उतरून साठू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात. पदुआत शिकून गेलेल्या विल्यम हार्वेने त्याच झडपांकडे पाहिले आणि प्रश्न बदलला. त्याने रक्त मोजले. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असे मानले, तर ५०० औंस होतात. म्हणजे जवळपास १५ लिटर. माणसाच्या अंगात एवढे रक्तच नसते, आणि अर्ध्या तासात खाल्लेल्या अन्नातून तेवढे तयार होणे अशक्य. मग तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या त्याच्या ग्रंथातला दंडावरचा प्रयोग आजही कुणालाही करून पाहता येतो. दंडाला पट्टी थोडी आवळून बांधा, हाताच्या शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून गाठी दिसतील. त्या झडपा. एका गाठीखाली शीर बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वर, गाठीच्या पलीकडे सारा. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. खालचे बोट उचला, की शीर लगेच भरते. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने नोंदवून ठेवले आहे, की रक्ताभिसरणाचा विचार कशावरून सुचला असे विचारल्यावर हार्वेने शिरांतल्या झडपांचेच नाव घेतले होते. दिशा कुणी दिली हे ओळखल्यावरच चक्र दिसले.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हृदयात विजेची सूक्ष्म लहर ठरावीक मार्गाने पसरते. उजव्या अलिंदातल्या केंद्रात ती उठते, दोन्ही अलिंदे आकसतात, निलयांच्या उंबऱ्यावर ती सेकंदाचा सुमारे दहावा भाग थांबते, मग खास तंतूंवरून वेगाने निलयांच्या टोकापर्यंत जाते, आणि आकुंचन टोकाकडून वर सरकते. इतकी बेतशीर आखणी असताना दिशेचे श्रेय बिचाऱ्या पाकळ्यांना कसे द्यायचे? याचे उत्तर आजारांनीच दिले आहे. अलिंदांची लय पूर्ण बिघडून ती नुसती थरथरत राहतात असा विकार उतारवयात पुष्कळांना होतो. अलिंदांचे क्रमवार आकुंचन त्यात संपते, निलय आधीपेक्षा कमी भरतो, साचलेल्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, माणसाला दमही लागतो. पण रक्त उलटे वाहू लागत नाही. पेसमेकरची तार उजव्या निलयाच्या टोकाशी बसवली की लहर भलत्याच ठिकाणाहून आणि भलत्याच क्रमाने पसरते. वर्षानुवर्षांनी काहींच्या हृदयाची ताकद त्याने घटतेही, दिशा मात्र तीच राहते. उलट विजेचा नकाशा अगदी निर्दोष असताना एखादी पाकळी फाटली, तर त्याच क्षणापासून रक्त मागे उसळते. सर्वांत निर्णायक पुरावा हृदय बंद पडल्यावर मिळतो. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिथे ना ठोका असतो, ना लहर, ना क्रम. जोर असतो तो दुसऱ्या माणसाच्या तळहातांचा. दाबल्याने हृदय पिळले जाते की सगळ्या छातीतला दाब वाढतो, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले आहेत. पण दोन्ही स्पष्टीकरणांत रक्त मेंदूकडे जाते ते झडपा मागची वाट अडवतात म्हणूनच. तेव्हा विजेच्या लहरीने वेळ साधली जाते आणि शक्तीची काटकसर होते असे म्हणावे. दिशेची मालकी तिच्याकडे नाही.

दुसरा आक्षेप झडपांच्या अगदी जवळचा आहे. अलिंद-निलयांमधल्या झडपांच्या पाकळ्या बारीक, चिवट दोऱ्यांनी निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या उंचवट्यांना बांधलेल्या असतात, आणि निलयाबरोबर हे उंचवटेही आकसतात. मग झडप स्नायूनेच चालवली असे नाही का झाले? पण हे स्नायू ज्या बाजूला ओढतात ती बाजू पाहा. ते पाकळ्यांना निलयाच्या आत ओढतात, म्हणजे ओढून झडप मिटणे शक्यच नाही. मिटवतो तो दाब. निलय आकसताना लहान होतो, त्यामुळे दोऱ्या सैल पडून पाकळ्या अलिंदात उलटल्या असत्या; ते होऊ नये म्हणून स्नायू दोऱ्या ताणून धरतात. हृदयविकाराच्या झटक्यात असा उंचवटा रक्ताविना मरून तुटला, तर पाकळी अलिंदात उलटते, रक्त जोराने मागे फुप्फुसांच्या दिशेने जाते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. निलयाची उरलेली ताकद त्या वेळी घात करते. तो जितका जोर लावेल तितके रक्त मागे जाते.

एकदिशा प्रवाह हा शब्दशः घ्यायचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. मोठ्या शिरा जिथे अलिंदांत उघडतात तिथे कामाची झडप नाही. अलिंद आकसले की थोडी लाट मागे जाते, आणि मानेतल्या शिरेवर डॉक्टरांना ती दिसतेही. अलिंदाचा दाब मुळात कमी, मागून येणाऱ्या रक्ताचा रेटा सतत, म्हणून तिथे झडपेवाचून निभावते. सोनोग्राफीत पुष्कळ निरोगी माणसांच्या उजव्या बाजूच्या झडपा किंचित गळताना आढळतात. अहवालात तसे वाचून घाबरण्याचे कारण नसते. यापेक्षा अवघड मुद्दा गर्भाचा. माणसाच्या गर्भाचे हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागते तेव्हा ते साधी नळी असते, झडपा नसतात, तरी रक्त एकाच बाजूला सरकते. मग झडपेवाचूनही दिशा मिळते की. मिळते, पण इवल्याशा नळीत आणि अगदी कमी दाबाखाली, नळीच्या भिंतीवरून सरकणाऱ्या आकुंचनाच्या लाटेने. आणि लवकरच नळीच्या आतल्या अस्तराला उशीसारखे जाड उंचवटे येऊन मागची वाट अडवू लागतात. झडपा नसलेल्या नळीचे पुढे काय होऊ शकते हे समुद्रातल्या ट्युनिकेट प्राण्यांत दिसते. त्यांचे हृदय काही ठोके एका बाजूला देते, थांबते आणि मग दिशाच उलटी करते. त्यांचे त्यावर भागते. १२० मिलिमीटर दाबाने मेंदूपर्यंत रक्त चढवणाऱ्या शरीराचे भागणार नाही. शिवाय झेब्राफिश या माशाच्या गर्भावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बारीक मण्यांनी हृदयातला प्रवाह अडवला, तर झडपा घडल्याच नाहीत. आधी वाहणारे रक्त झडपेला घडवते, घडलेली झडप मग रक्ताला वळण लावते. आक्षेप म्हणून पुढे आलेला गर्भच आकृतीचे महत्त्व अधिक स्पष्ट करतो.

झडप ही निव्वळ आकृती आहे, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर सिद्ध झाले. १९६० मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात शल्यचिकित्सक आल्बर्ट स्टार आणि निवृत्त अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली झडप माणसाच्या हृदयात बसवली. ती नैसर्गिक झडपेसारखी मुळीच दिसत नव्हती, पण दाबाने गोळी पुढे सरे आणि दाबाने मागे बसे. भारतात परदेशी झडपांची किंमत बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी देशी झडप करायला घेतली. आधीचे नमुने चाचण्यांत टिकले नाहीत. कृत्रिम नीलमण्याच्या अतिकठीण चकतीवरही त्यांनी काम केले. अखेर यश मिळाले ते कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या चौकटीत कलणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीला. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि तेव्हापासून लाखाहून अधिक लोकांच्या हृदयात बसली. ही चकती वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. तिला ना रक्तपुरवठा, ना नस, ना पेशी. शरीराशी काहीही नाते नसलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याने माणसाच्या रक्ताला दिशा द्यावी, याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही. तिची किंमतही मोजावी लागते. परक्या पृष्ठभागावर गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्याचा परिणाम वारंवार तपासावा लागतो. मूळ झडप वाचणे केव्हाही चांगले.

आणि ती वाचवता येते, हे सांगण्यासाठीच एवढा पसारा. मुलांच्या घशात एका जातीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होतो. बहुतेकांचा घसा बरा होतो, पण काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एक सांधा दुखायचा थांबतो तो दुसरा सुजतो. हा संधिवाताचा ताप. जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती आता स्वतःच्याच ऊतींवर उठलेली असते. सांधे पूर्ण बरे होतात. झडपा तशा सुटत नाहीत. वारंवार दाह होऊन पाकळ्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, दोऱ्या आखडतात, आणि डाव्या बाजूच्या झडपेचे चार ते सहा चौरस सेंटिमीटरचे तोंड दीड चौरस सेंटिमीटरच्याही खाली जाते. काही पाकळ्या आखडून कायमच्या उघड्या राहतात आणि गळतात. स्नायू यात पुष्कळ काळ धडधाकट असतो, म्हणून मूल खेळते-बागडते आणि कुणाला शंका येत नाही. पुढे अशी एखादी मुलगी मोठी होऊन गरोदर राहते, अंगातले रक्त जवळपास निम्म्याने वाढते, अरुंद तोंडातून ते पुढे सरेना की फुप्फुसांत दाब चढतो, आणि झडपेचा आजार पहिल्यांदा कळतो तो धाप लागलेल्या अवस्थेत. दाटीवाटीची घरे आणि दूरचा दवाखाना जिथे आहे तिथे हा आजार टिकून आहे. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला, आणि त्याची ओहोटी पेनिसिलिन येण्याआधीच, राहणीमान सुधारू लागल्यावर सुरू झाली होती.

झडप एकदा आखडली की हृदय मजबूत करणारे कुठलेही औषध तिला मूळ आकार देऊ शकत नाही, कारण बिघाड ताकदीत नसून आकृतीत असतो. फुग्याने तोंड रुंद करता येते, झडप बदलता येते. त्याआधीचा उपाय पेनिसिलिनचा. घसा दुखतो आणि ताप आहे तर मुलाला वेळेवर डॉक्टरांना दाखवणे, आणि एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर दर तीन ते चार आठवड्यांनी दीर्घ मुदतीच्या पेनिसिलिनचे इंजेक्शन. अनेकांना वयाच्या एकविशीपर्यंत, झडप बिघडलेली राहिली तर चाळिशीपर्यंतही. युगांडात ५ ते १७ वर्षांच्या ८१८ मुलांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झडपेत सुप्त दोष असलेल्या मुलांपैकी काहींना दर चार आठवड्यांनी हे इंजेक्शन दिले, काहींना दिले नाही. दोन वर्षांत दोष वाढला तो इंजेक्शन घेणाऱ्या शंभरातल्या एकापेक्षाही कमी मुलांत, ०.८ टक्के, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. औषध जुने आहे, स्वस्त आहे. अडचण येते ती पुढच्याच तारखेला. इंजेक्शन दुखते, मूल ठणठणीत दिसत असते, शाळा बुडते, रोजंदारी बुडते, आणि काहीच होत नाही तर कशाला टोचायचे असे घरच्यांना वाटते. अशा घरात आशाताईने किंवा शाळेतल्या बाईंनी तारीख लक्षात ठेवून आठवण करणे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात त्या दिवशी कुपी शिल्लक असणे, यावर त्या मुलाची झडप टिकून राहते.